पंचवीसपैकी पंचवीस

६ जानेवारी २०२५, सोमवार

बाबांचं मशीन आज सुरू केलं. म्हणजे मी केलं. घरच्या माणसाची केस आपण घ्यायची नाही असा आमच्या क्लिनिकचा नियम आहे. नियम योग्य आहे, पण तो घरच्यांकडे बघून ज्यांना गहिवरून येतं त्यांच्यासाठी. मला येत नाही. आसावरी मॅडमना तसं सांगितलं. त्या सर्जन, नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन त्यांनीच केलं. म्हणाल्या, "क्षिप्रा, बघ बाई." ही परवानगी आहे असं मी धरलं.

बाबांचा उजवा कान लहानपणापासून वाहायचा. कानात बसणारं साधं यंत्र त्यामुळे कधी टिकलं नाही. त्यात सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये झाली, तिथल्या धडधडीने कानाचा आतला भागही निम्मा खाल्ला. म्हणून मधल्या कानाचं इम्प्लांट. कातडीखाली एक चकती, तिच्यातून निघालेली बारीक तार, तारेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा कंपक, आणि तो मधल्या कानातल्या हाडाला लावलेला. बाहेर केसांत चुंबकाने चिकटणारं बटण. बटण ऐकतं, कंपक हाड हलवतो. सुंदर डिझाइन आहे.

सुरू करताना ऋतिका मोबाइल घेऊन तयार होती. ती माझी सहकारी, माझ्यानंतर लागलेली ऑडिओलॉजिस्ट. ऑनलाइन व्हिडिओंमध्ये या क्षणी लोक रडतात. बाबा छताकडे बघून म्हणाले, "पत्रा कोण ओढतंय?" एसी होता. आई म्हणाली, "अहो, मी बोलतेय, मी." बाबा म्हणाले, "डबा वाजतोय."

व्हिडिओ डिलीट केला.

स्कोअर: ऑपरेशनआधी ४०. आज ४८. सुरुवात म्हणून ठीक.

७ जानेवारी, मंगळवार

संकल्प:
रोज सकाळी अर्धा तास बाबांचा ऐकण्याचा सराव घ्यायचा. मी तोंडासमोर पुठ्ठा धरून पेपर वाचेन, ते समजलेलं सांगतील.
दर दोन आठवड्यांनी चाचणी.
चिडायचं नाही. (चिडत नाहीच. तरी लिहून ठेवते.)

चाचणी सोपी आहे. बाबा बंद खोलीत, मी काचेपलीकडे माइकवर. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा. मी एकेक शब्द म्हणते, ते परत म्हणतात. पंचवीस शब्द, प्रत्येकाला चार टक्के. दार लावलं की बाबा अस्वस्थ होतात म्हणून आई आत स्टुलावर बसते. तिचा काही संबंध नाही.

यादी माझी स्वतःची आहे. पाट, मीठ, दोर, वीट, ताक अशी पुढे. क्लिनिकमध्ये रेकॉर्ड केलेल्या याद्या आहेत, पण त्यातलं मराठी अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी चढवून आल्यासारखं वाटतं. डोंबिवलीच्या घरात रोज कानावर पडतात ते शब्द मी निवडले, ध्वनींचा समतोल साधला. त्यावर सहा महिने खपले. एकच यादी पुन्हा पुन्हा वापरू नये हे मला माहीत आहे. दुसरी तयार होत आहे. तोपर्यंत निदान शब्दांचा क्रम बदलून वाचेन.

१२ जानेवारी, रविवार

फोनचा दिवस. बाबांचा धाकटा भाऊ धाकूकाका दर रविवारी संध्याकाळी खडवलीहून फोन करतो. मागच्या वर्षी काकू अचानक गेली, तेव्हापासून तो घराबाहेर पडत नाही. बाबा दोनदा जाऊन आले. समोर बसला की काका सुपारी कातरत राहतो, बोलत नाही. फोनवर मात्र बोलतो, पुष्कळ बोलतो. पण फोन असतो आईच्या कानाला. आई "हो भावजी", "नाही हो भावजी" करते, मधेच गाऊनच्या बाहीने डोळे पुसते, आणि शेवटी बाबांकडे वळून जोरात सांगते, "बरे आहेत म्हणे!"

बाबा ऑपरेशनला तयार झाले ते एवढ्यासाठीच. मॅडमनी विचारलं होतं, यातून तुम्हाला नेमकं काय हवंय? बाबा म्हणाले, "धाकूशी फोनवर बोलायचंय. मधे नीला नको." नीला म्हणजे आई, ती बाजूलाच बसली होती. तिला वाईट वाटलं नाही, निदान तसं दिसलं नाही. मी तेव्हाच समजावलं होतं की हे मोजता येण्यासारखं ध्येय नाही. शब्द मोजता येतात.

आज फोन वाजला तेव्हा बाबांनी हात पुढे केला. मी थांबवलं. फोनवरचा आवाज कापलेला असतो, वरचे-खालचे स्वर त्यात येतच नाहीत. इतक्या लवकर फोन दिला तर आत्मविश्वास जाईल. नव्वदच्या वर स्कोअर गेला की फोन. बाबांनी मान हलवली. त्यांना पटलं.

२० जानेवारी, सोमवार

६४. अपेक्षेपेक्षा चांगलं.

क्रम बदलायचा राहिला. पेशंट रांगेत होते. पुढच्या वेळी.

तक्रार एकच: भांडी. बाबा म्हणतात, ताटावर वाटी ठेवली की कवटीत ठेवल्यासारखी वाजते आणि माणसं डब्यात तोंड घालून बोलतात. त्यांना सांगितलं की मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. जेवताना ते बटण काढून ताटाशेजारी ठेवतात. हे बंद करायला हवं.

ऋतिकाने आगाऊ सल्ला दिला. "अगं, वरचे स्वर कमी करून बघ ना जरा. आणि एकदा रेकॉर्डेड लिस्ट लाव, मी घेते टेस्ट." तिला म्हटलं, स्कोअर चढतोय तर सेटिंगला हात कशाला लावायचा? तिने खांदे उडवले. कल्याणहून उशिरा येते आणि वर सल्ले.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळचा सराव या आठवड्यात झाला नाही. सोमवारी मला लवकर निघायचं होतं. मंगळवारी बाबांची अंघोळ लांबली. बुधवारी वाचायला घेतलं, पण पेपरात सगळ्या निवडणुकीच्या बातम्या, त्या ऐकून कोणाचंच आकलन वाढणार नाही. गुरुवारी मी एकच वाक्य चार वेळा म्हटलं, पाचव्यांदा माझा आवाज किंचित वर गेला. बाबा म्हणाले, "राहू दे, दमलीस तू." मी दमले नव्हते.

आईने तोडगा काढला. म्हणाली, "तू जा कामाला. मी घेते त्यांचा अभ्यास." ती तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती, तिला सवय आहे. मला बरं वाटलं. घरच्यांचा सहभाग हा उपचाराचा भाग आहे असं आम्ही सगळ्यांना सांगतो, पण कोणी मनावर घेत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

८०!

उद्गारचिन्ह मी सहसा वापरत नाही.

उत्तरं येण्याचा वेगही वाढलाय. दोनदा तर मी शब्द पुरा म्हणायच्या आत उत्तर आलं. मेंदू पुढचा अंदाज बांधू लागला की असं होतं. याबद्दल वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. ऋतिकाला दाखवायला बोलावलं. ती काचेतून बघत राहिली, मग म्हणाली, "क्रम बदललायस ना?" मी म्हटलं, बदलणार आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आईचं वय दिसायला लागलंय. स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता एकटीच पुटपुटत होती, पाट, मीठ, दोर, वीट. विचारलं तर दचकली. म्हणाली, "सामान आणायचंय, ते आठवतेय." विटा कशाला हव्यात हे मी विचारलं नाही. बाबा समोरच बसून वाटाणे खात होते. एकूण वातावरण प्रसन्न.

संध्याकाळी काकाचा फोन. बाबांनी या वेळी हात पुढे केला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नव्वद. आई फोनवर बराच वेळ ऐकत होती. शेवटी, "बरे आहेत म्हणे!"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन आठवडे व्हायच्या आतच चाचणी घेतली. अंदाज होता. ९२.

बाबा बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "आठ कुठे गेले?" सहज, शास्त्रीय कुतूहल म्हणून. बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "गूळ आणि जीभ, होतील ते पण."

आपल्या घरात ही शिस्त पहिल्यापासून आहे. दहावीत मला ९२ टक्के मिळाले तेव्हा बाबांनीही पेढा हातात घेण्याआधी विचारलं होतं, आठ कुठे गेले. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आई म्हणते, मी त्या दिवशी जेवले नव्हते.

नव्वद ओलांडलं, म्हणजे फोन द्यायला हवा. पण मधल्या एखाद्या आकड्यावर घाई करण्यापेक्षा शंभर झाल्यावर द्यावा असं मला वाटतं. आणि तसा तो दूर नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडम खूश आहेत. तीन मार्चला जागतिक श्रवण दिन. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, ठाण्यात हॉल घेऊन पेशंटचा मेळावा. इम्प्लांट झालेले लोक आणि ज्यांना करायचं की नाही ठरत नाही ते लोक, दोघे येणार. मी म्हटलं, बाबांची चाचणी स्टेजवर प्रत्यक्ष करून दाखवते. मॅडमनी विचारलं, "ते तयार आहेत?" मी म्हटलं, हो.

घरी येऊन विचारलं. बाबा म्हणाले, "शब्द तेच ना?" म्हटलं, तेच. म्हणाले, "मग ठीक."

ऋतिका दोन दिवस बोलत नाहीये. ते अपेक्षितच होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजची चाचणी बाद.

मला सर्दी. "वीट" म्हटल्यावर शिंक आली आणि "ताक" वाचायचं राहून मी थेट "गूळ" म्हटलं. बाबा म्हणाले, "ताक." मी "जीभ" म्हटलं, बाबा म्हणाले, "गूळ." शेवटपर्यंत असं एकेक घर मागे. माझी यादी संपली तरी त्यांच्याकडे एक शब्द शिल्लक होता. तो त्यांनी दिला.

मी यावर नीट विचार केला. यंत्रातून आवाज उशिरा पोचत असावा. कंपनीला मेल टाकला.

थोड्या वेळाने पुन्हा घेतली, न शिंकता. पंचवीसपैकी पंचवीस. शंभर. माझ्या कुठल्याही पेशंटला आजवर मिळालेले नाहीत. आई आत स्टुलावरून उठून टाळ्या वाजवत होती. काचेमुळे आवाज येत नव्हता. मी तोंड धुऊन आले. सर्दीमुळे डोळ्यांना पाणी येत होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

काकाने आज आईला विचारलं, "दादाचं मशीन झालं ना सुरू? मग बोलत का नाही तो माझ्याशी? रागावलाय का?" आईने फोन बाजूला धरून मला विचारलं, काय सांगू. मी म्हटलं, मेळाव्यानंतर. आता एका आठवड्यासाठी धोका नको. तिथे शंभर मिळालेला माणूस घरी फोनवर अडखळला तर मनोबल ढासळतं.

आईने फोनवर सांगितलं, "पुढच्या रविवारी, भावजी." बाबांनी बटण काढून डबीत ठेवलं आणि लवकर झोपायला गेले. विश्रांती आवश्यकच आहे.

१ मार्च, शनिवार

उद्याची तयारी:
बाबांचा निळा शर्ट. केस बारीक कापून घेतले, बटण लांबून दिसायला हवं.
मी पुठ्ठा वर धरला की चाचणी सुरू, खाली घेतला की संपली. हे बाबांना तीनदा सांगितलं. लगेच समजलं.
माझ्या भाषणातलं शेवटचं वाक्य: "ऐकू येणं आणि समजणं यांतलं अंतर आज आम्ही मिटवलं आहे."
आईला तिसऱ्या रांगेत बसवायचं.
क्रम बदलायचा का? स्टेजवर नको. त्यांना उगाच ताण.

२ मार्च, रविवार

हॉलची ध्वनिव्यवस्था अत्यंत निकृष्ट होती. हे आधी नोंदवते.

भाषण चांगलं झालं. स्टेजवर बाबा खुर्चीत. मी माइकजवळ गेले आणि पुठ्ठा वर धरला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या रंगूबाई उठल्या. विठ्ठलवाडीच्या पेशंट, याच ऑपरेशनसाठी नाव घातलंय, पण मन होत नाही. फिरता माइक कोणीतरी त्यांच्या हातात दिला होता. कोणी दिला ते शोधून काढणार आहे.

त्यांनी बाबांना थेट विचारलं, "दादा, आपरेशनला लई दुखलं का वो?"

पुठ्ठा वर होता. बाबा खणखणीत म्हणाले, "पाट."

लोक हसले. त्यांना विनोद वाटला. रंगूबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "आता बोललेला समदा समजतं का पन?"

"मीठ."

"घरची मान्सं बोलतान ती कलतान का?"

"दोर."

आता कोणी हसत नव्हतं. तिसऱ्या रांगेत आईचे ओठ हलत होते, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडद्यामागून पोरांना संवाद सांगायची तसे. रंगूबाई गप्प झाल्या तरी बाबा थांबले नाहीत. "वीट," म्हणाले. थोडं थांबून, "ताक."

मी पुठ्ठा खाली घेतला. बाबा लगेच थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. पेपर चांगला गेलेलं पोर बघतं तसं.

रंगूबाईंनी माइक शेजारणीकडे दिला. माइक चालू होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं: "आपल्याला नको गो बाय."

नंतर वडे आणि चहा होता. मी घेतला नाही. परत येताना टॅक्सीत बाबांनी विचारलं, "किती पडले?"

संध्याकाळी काकाचा फोन आला. कोणी उचलला नाही.

३ मार्च, सोमवार

जागतिक श्रवण दिन.

कारणं, जी मॅडमना दिली: फिरता माइक. स्टेजवरचे दिवे. रंगूबाईंची बोली, जी माझ्या यादीच्या समतोलात येत नाही. बाबांचं वय.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "क्षिप्रा, केस आजपासून ऋतिकाकडे." आवाज चढवला नाही. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

ऋतिकाने दुपारी चाचणी घेतली. रेकॉर्ड केलेली यादी, त्याच सुती साडीतल्या मराठीत. आई बाहेर. मीही बाहेर. ४४.

चाळीसवरून चव्वेचाळीस. तीन महिने, एक ऑपरेशन, आणि एक शब्द.

५ मार्च, बुधवार

आईला विचारलं, का केलंत असं. शांतपणे विचारलं.

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "परीक्षा म्हटली की अभ्यास आला. पहिल्या दोन खेपांतच पाठ झाली मला यादी. पंचवीस तर शब्द! आम्ही साठ पोरांची हजेरी न बघता घ्यायचो."

मी म्हटलं, आई, ही परीक्षा नाहीये.

"मग मार्क कशाला देतेस?"

मी समजावलं की त्या खोट्या आकड्यांवर विसंबून मी मशीनच्या सेटिंगला हातही लावला नाही आणि दोन महिने बाबा नको त्या आवाजात बसले. आई म्हणाली, "ते सांगत होते की तुला, भांडी वाजतात, भांडी वाजतात. तूच म्हणालीस, सवय होईल." मग मेथीच्या काड्या कागदात गुंडाळत म्हणाली, "चौथीच्या स्कॉलरशिपला घोकून घेतलं तुझ्याकडून, तेव्हा नाही विचारलंस का ते."

संवाद निष्फळ.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवडीची सुटी. बाबांची केस माझ्याकडे नाही, त्यामुळे तिच्याविषयी मला मत नाही.

तरी: ऋतिकाने सेटिंग दोनदा बदललं. वरचे स्वर उतरवले, मधले चढवले. बाबा तिच्यासमोर तासभर बसतात आणि बोलतात. तिने काल मला कॉफीवर सांगितलं, "तुझे बाबा किती नेमकं सांगतात अगं! बाईचा आवाज डब्यातून येतो, पुरुषाचा भिंतीपलीकडून, 'स' कापल्यासारखा येतो. तुला कधी बोलले नाहीत?"

घरी येऊन मागची पानं काढली. सहा जानेवारी: डबा वाजतोय. वीस जानेवारी: डब्यात तोंड घालून बोलतात. म्हणजे मी लिहून घेतलं होतं. लिहून घेतलं म्हणजे ऐकलं होतंच.

ऋतिका असंही म्हणाली की आतल्या कानाचं जे गेलंय ते इम्प्लांट परत आणत नाही, त्यामुळे बाबांचा स्कोअर फार तर सत्तरच्या आसपास थांबेल. हे मी रोज पेशंटना सांगते. तिने मला सांगायची गरज नव्हती.

२२ मार्च, शनिवार

आता घरी अभ्यास नाही. आई आणि बाबा सकाळी चहा घेताना गप्पा मारतात. आई मुद्दाम सावकाश बोलत नाही, तोंडही वळवत नाही. बाबा अधूनमधून "काय?" म्हणतात, ती पुन्हा सांगते. मला हे अशास्त्रीय वाटतं.

बाबा जेवतानाही बटण ठेवतात. दही वाढताना वाटी आपटली, तरी दचकले नाहीत.

यादी क्रमांक दोनचं काम सुरू केलं. चार शब्द झाले. मग विचार केला, कोणासाठी. थांबवलं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

संकल्प, नव्या वर्षाचा. एकच: बाबांना स्कोअर विचारायचा नाही, स्कोअरवरून काही बोलायचं नाही.

काकाचा फोन आज दुपारीच आला. सणाचा दिवस. आईने उचलला, "हो भावजी, तुम्हालाही," म्हणाली आणि मला न विचारता फोन बाबांना दिला. ऋतिकाने शिकवल्याप्रमाणे बाबांनी तो कानाला न लावता कानामागे, बटणाजवळ धरला. डोकं खाजवत बसलेला माणूस दिसतो तसे दिसत होते. गॅलरीत गेले. मी दारात उभी राहिले. निरीक्षणासाठी.

मला फक्त बाबांची बाजू ऐकू आली. "बोल." मग बराच वेळ नुसतं "हं". दोनदा "काय? परत सांग." मग म्हणाले, "दूध ठेवलेलं गॅसवर?" मग, "आणि तू आलास तेव्हा ती खाली पडलेली." मग, "म्हणजे आधी गॅस बंद केलास, मग तिच्याकडे गेलास."

मग बाबांनी फोन बटणावर आणखी दाबून धरला. मला वाटलं फोन कट झाला.

बाबा म्हणाले, "धाकू, अरे कोणीही आधी गॅसच बंद केला असता. मी पण केला असता. तेवढ्याने काही ती गेली नाही. ऐकतोयस ना? अरे ऐकतोयस ना?"

मी आईकडे वळले. तिला हे माहीत होतं. दर रविवारी तो तिला हेच सांगत होता. मी विचारायच्या आधीच ती हळू आवाजात म्हणाली, "काय करणार होते मी? असलं ओरडून सांगतात का कोणी? वरच्या मजल्यावर ऐकू जातं." आणि श्रीखंड घोटायला लागली.

गॅलरीत विषय बदलला होता. काकाने माझं काहीतरी विचारलं असावं, कारण बाबा हसले. म्हणाले, "अरे, पाठ केलं म्हणून काय झालं! तू बघायला हवं होतंस तिला. काचेपलीकडे बसायची ना, दहावीच्या रिझल्टला बसली होती तश्शी. मी तेव्हा तिला विचारलेलं, आठ कुठे गेले. पेढा पण घेतला नाही पोरीच्या हातचा. म्हटलं, आता माझे तरी जायला नकोत."

वाक्यं पूर्ण, उत्तरं प्रश्नाला धरून, फोनवर, मागे शेजाऱ्यांचा मिक्सर चालू असताना. आकलन उत्तम. हे कुठे नोंदवणार, केस माझ्याकडे नाही.

नंतर जेवायला बसलो. ऋतिकाचा मेसेज परवाच आलाय: रेकॉर्डेड, नवी यादी, ६८. मला तो आकडा माहीत आहे हे बाबांना माहीत नव्हतं. पुऱ्या झाल्या, बटाट्याची भाजी झाली. बाबा आईला काकूच्या कुठल्याशा जुन्या गोष्टी सांगत होते, आई हसत होती. मला कोणी काही विचारलं नाही. मीही बराच वेळ काही विचारलं नाही.

मग फक्त एवढंच विचारलं, आणि तेही क्लिनिकल कारणासाठी, की उरलेले बत्तीस कुठे गेले.

बाबांनी केसांतून बटण काढलं, ताटाशेजारी ठेवलं, आणि श्रीखंडासाठी वाटी पुढे केली.